लगाम चुकविणारा घोडा : कडियाळ्याची निवड आणि शिक्षणाची साधने

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेडा येथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेतही घोड्यांची खरेदी-विक्री मोठ्या प्रमाणावर होते. अशा बाजारांत घोड्यांच्या रांगांजवळच खोगीर, तंग, लगाम, गोंडे व घुंगरमाळा यांची दुकाने मांडलेली असतात. घोडा घेणारा मनुष्य जनावराची चाल, रंग, भोवरे आणि वय बारकाईने पारखतो. परंतु लगाम निवडताना तो क्वचितच विचार करतो. जो लगाम दिसावयास भारी आणि घोड्यास "वठणीवर आणणारा" असे दुकानदार सांगतो, तोच बहुधा घरी येतो.

पुढे थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते, की घोडा लगाम घेत नाही. वादी किंचित ओढली, की तो मान आकाशाकडे उचलतो, किंवा हनुवटी छातीला लावतो, तोंड उघडतो, जीभ बाहेर काढतो, अथवा लोखंड दातांत धरून भरधाव सुटतो. मग शेजारीपाजारी सल्ला देतात, की याहून कडक लगाम घालावा. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. वेदनेपासून सुटण्यासाठी जो घोडा लगाम चुकवितो, त्याची वेदना वाढविल्याने तो शिकत नाही. तो चुकविण्याची नवी रीत मात्र शोधून काढतो. यासाठी घोडा लगाम का चुकवितो, कोणते कडियाळे केव्हा योग्य ठरते आणि जेरबंदासारख्या साधनांचा उपयोग कोठवर करावा, याची माहिती प्रत्येक घोडेमालकास असणे अगत्याचे आहे.

लगामाचा स्पर्श म्हणजे काय

तोंडात जाणाऱ्या लोखंडास कडियाळे म्हणतात. ते डोक्यावरील पट्ट्यांना, म्हणजे म्होरकीला, अडकविलेले असते आणि त्याच्या दोन्ही कड्यांतून निघालेल्या वाद्या स्वाराच्या किंवा गाडीवानाच्या हातात येतात. शिकलेला घोडा या वाद्यांच्या टोकाशी हलका व स्थिर स्पर्श स्वतः राखतो. वादीला झोळ पडत नाही आणि ती ताणलीही जात नाही. या स्पर्शातूनच वळण्याची, वेग कमी करण्याची आणि थांबण्याची सूचना त्याला मिळते.

हा स्पर्श हात मागे ओढून मिळत नाही. घोडा मागच्या पायांनी जोमाने पुढे चालू लागला, पाठ सैल ठेवून त्याने मान पुढे लांबविली आणि पुढे त्याला स्थिर, दयाळू हात भेटला, म्हणजे तो आपणहून निर्माण होतो. पुढे चालण्याची इच्छा नसलेल्या घोड्याचे तोंड नुसते ओढून खाली आणले, तर मान वाकलेली दिसते. पण स्पर्श आलेला नसतो. हा भेद ज्यास समजला, त्यास पुढील सर्व गोष्टी सहज समजतील.

घोड्याच्या तोंडाची रचना

घोड्याच्या पुढच्या दातांत व दाढांत एक मोकळी जागा असते. कडियाळे याच जागी बसते. खालच्या जबड्यावरील या मोकळ्या हिरडीखाली हाडाची अरुंद कड असून तिच्यावर केवळ पातळ त्वचेचे आवरण असते. ही जागा किती नाजूक आहे याची कल्पना यावयाची असेल, तर कडियाळे आपल्याच नडगीवर आडवे धरून दुसऱ्या मनुष्यास वाद्या ओढावयास सांगावे. नडगीप्रमाणेच येथेही हाड व त्वचा यांमध्ये मांसाची गादी नसते.

जबडा मिटलेला असताना घोड्याची जीभ तोंडातील बहुतेक सर्व जागा व्यापते. म्हणून कडियाळ्याचा पहिला दाब जिभेवर, नंतर हिरडीवर व ओठांच्या कोपऱ्यांवर येतो. जाड कडियाळे सौम्य असते हा समज यामुळेच सर्वस्वी खरा नाही. जाड लोखंडाचा दाब अधिक जागेवर विभागला जातो हे खरे; परंतु लहान तोंडाच्या, मांसल जिभेच्या घोड्याला ते मावत नाही. आपल्याकडील मध्यम बांध्याच्या घोड्यांना कड्यांजवळ १२ ते १६ मिलिमीटर जाडीचे कडियाळे बहुधा पुरेसे होते.

वयात आलेल्या नर घोड्यास साधारणपणे ४० व घोडीस ३६ दात असतात. नराचे सुळे मोकळ्या हिरडीच्या पुढील भागात चार ते पाच वर्षांच्या वयात येतात. काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेच्या लगेच पुढे एक बारीक दात असतो; तो कडियाळ्याच्या वाटेत आला, तर घोडा वादीच्या प्रत्येक ओढीबरोबर डोके झटकतो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. घोड्याचे २४ दुधाचे दात व दाढा सुमारे अडीच ते पाच वर्षे वयाच्या दरम्यान पडून त्या जागी कायमचे दात येतात. बाजारातून विकत घेतलेल्या शिंगरास लगाम लावून शिकविण्यास आरंभ होतो तो याच काळात. हिरड्या सुजलेल्या, दाढेवर दुधाच्या दाढेचे टोपण हलत असलेले, अशा स्थितीत तोंडात लोखंड येते आणि घोडा हट्टी ठरतो. हा हट्ट पुष्कळदा दात येण्याचा असतो.

प्रथम कारण शोधावे

नवे कडियाळे विकत घेण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

एक, घोड्याच्या तोंडातून कडियाळे काढून त्यास नुसत्या म्होरकीवर लांब दोरीने वर्तुळात फिरवावे. डोके झटकणे, मान उचलणे हे दोष अशा वेळी नाहीसे झाले, तर कारण तोंडात, कडियाळ्यात किंवा स्वाराच्या हातात आहे असे समजावे. ते तसेच राहिले, तर पाठ, पाय, कान व डोळे यांकडे लक्ष द्यावे. कानातील गोचीड किंवा कपाळावरची घट्ट पट्टी यांनीही घोडा डोके झटकतो.

दोन, पशुवैद्यकाकडून तोंड तपासून घ्यावे. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो व त्याचे दात जन्मभर हळूहळू वर येत राहतात. त्यामुळे चावताना न झिजलेल्या कडा धारदार बनतात. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा गालाला व खालच्यांच्या आतल्या कडा जिभेला कापतात. घोडा चारा चघळून त्याचे गोळे खाली टाकत असेल, एकाच बाजूने चावत असेल, लिदीत अखंड दाणे येत असतील किंवा तोंडास दुर्गंधी येत असेल, तर दातांत दोष आहे असे समजावे. मोठ्या घोड्याचे दात वर्षातून एकदा व दोन ते पाच वर्षांच्या घोड्याचे सहा महिन्यांनी तपासून घेणे हितावह होय. दात घासण्याचे काम पशुवैद्यकानेच करावे. बाजारात फिरणाऱ्या अडाणी माणसाच्या हाती कानस देऊ नये.

तीन, पाठ पहावी. खोगिराची कमान वाखरावर, म्हणजे खांद्यांमधील उंचवट्यावर, टेकत असेल, तर घोडा पाठ खाली दाबतो व मान वर करतो. अशा घोड्यास जगातील कोणतेही कडियाळे घातले, तरी त्याची मान खाली येणार नाही. घोड्याच्या पाठीवरून बोटे दाबत नेली असता तो अंग चोरत असेल, तर खोगीर दुरुस्त करून पाठ बरी होईपर्यंत सवारी बंद ठेवावी.

चार, स्वाराने स्वतःचा हात तपासावा. एका मनुष्याने डोळे मिटून कडियाळ्याच्या दोन कड्या दोन हातांत धराव्या आणि स्वाराने मागे उभे राहून नेहमीप्रमाणे वाद्या हाताळाव्या. कोणता हात जड आहे, कोठे झटका बसतो, सैल सोडावयास उशीर कोठे होतो, हे पुढे उभ्या असलेल्या मनुष्यास तत्काळ सांगता येते. घोड्यास ते बोलून दाखविता येत नाही, एवढाच फरक.

चुकविण्याचे प्रकार व त्यांचे अर्थ

मान वर उचलणारा घोडा बहुधा जड हातापासून, अयोग्य कडियाळ्यापासून किंवा पाठीच्या दुखण्यापासून पळत असतो. एका सांध्याचे कडियाळे दोन्ही वाद्या एकदम ओढल्या असता मध्ये दुमडते व जिभेला चिमटते. ठेंगण्या टाळूच्या घोड्यात त्याचा सांधा टाळूलाही लागू शकतो. अशा घोड्यास दोन सांध्यांचे, म्हणजे मध्ये लहानशी गुळगुळीत कडी असलेले, कडियाळे पुष्कळदा मानवते.

हनुवटी छातीकडे ओढून घेणारा घोडा अज्ञ लोकांना डौलदार वाटतो. वस्तुतः तो कडियाळ्याच्या मागे लपत असतो. त्याच्या हातातील वादी रिकामी पडते आणि तो केव्हा उधळेल याचा नेम नसतो. कडक दांड्यांच्या लगामाने किंवा मान बांधून ठेवल्याने हा दोष उत्पन्न होतो. यावर जेरबंद लावणे म्हणजे आजारालाच औषध समजणे होय. त्यास सौम्य, सरळ किंवा दोन सांध्यांचे कडियाळे द्यावे, टाचेने पुढे चालवावे आणि मान लांबविताच हात पुढे द्यावा.

हातावर भार टाकून चालणारा घोडा स्वाराला आपले डोके वाहावयास लावतो. स्वार जितका ओढील, तितका तो रेलतो. येथे बारीक, कापणारे लोखंड निरुपयोगी आहे. चालीतून दुडकीत, दुडकीतून चालीत, पुन्हा थांबा, अशा वारंवार बदलांनी त्याला स्वतःचा तोल स्वतः सावरावयास शिकवावे व रेलताच वादी क्षणभर सोडून द्यावी, म्हणजे त्याला रेलावयास काही उरत नाही.

जीभ कडियाळ्यावर काढणाऱ्या घोड्याचे कडियाळे बहुधा फार खाली लोंबत असते, किंवा जिभेवर त्याचा भार सोसवत नसतो. पट्टी एक भोक वर घेऊन पहावे. तेवढ्याने भागले नाही, तर मध्यभागी जिभेपुरती कमान असलेले कडियाळे योजावे. जीभ दोरीने जबड्यास बांधण्याची रीत सर्वथा त्याज्य आहे. तिने जिभेचा रक्तप्रवाह अडतो.

घोडा एकाच अंगाला वाकडा चालत असेल, तर म्होरकीच्या दोन्ही पट्ट्या सारख्या आहेत की नाहीत, त्या बाजूच्या दाढा ठीक आहेत की नाहीत आणि स्वार एका रिकिबीवर अधिक भार देतो की काय, हे क्रमाने पहावे.

कडियाळ्याची निवड

कडियाळ्यांचे अनेक प्रकार दुकानात दिसत असले, तरी त्यांचे कार्य दोनच तऱ्हांनी चालते. पहिले साधे कडियाळे. यात वादी सरळ कडीला जोडलेली असल्याने हाताने जितकी ओढ द्यावी, तितकीच तोंडात पोहोचते. दुसरे दांड्यांचे कडियाळे. यात तोंडातील लोखंडाच्या खाली लांब दांड्या असून वादी त्यांच्या टोकाला जोडतात व हनुवटीखाली साखळी असते. ही पहारीची युक्ती आहे. वरची दांडी ५ सेंटिमीटर व खालची १० सेंटिमीटर असेल, तर हाताच्या १ किलोच्या ओढीने हनुवटीच्या साखळीवर सुमारे २ किलो व जबड्यावर सुमारे ३ किलो ताण येतो. खालची दांडी जितकी लांब, तितकी ही पट वाढते.

यावरून दांड्यांचे कडियाळे वाईट असते असे नव्हे. ज्याचा हात स्थिर आहे आणि ज्याचा घोडा साध्या कडियाळ्यावर पूर्ण शिकलेला आहे, त्याला बोटांच्या इशाऱ्याने काम करावयास ते उपयोगी पडते. शिकणाऱ्या घोड्यास आणि शिकणाऱ्या स्वारास मात्र ते देऊ नये. त्याची साखळी हनुवटीच्या खळगीत सपाट बसावी, तिला पीळ नसावा आणि दांड्या सुमारे ४५ अंश मागे आल्यावरच ती लागू व्हावी.

लगाम चुकविणाऱ्या घोड्यासाठी निवडीचा नियम सोपा आहे : एक पायरी सौम्य व्हावे. दांड्यांच्या कडियाळ्यावर चुकविणारा घोडा साध्यावर आणावा. एका सांध्यावर चुकविणारा दोन सांध्यांवर किंवा सरळ, किंचित वाकलेल्या कडियाळ्यावर आणावा. सैल फिरत्या कड्यांमुळे तोंडात लोखंड फार हलते व काही घोड्यांना ते सोसत नाही; त्यांना कडी पक्की बसविलेले कडियाळे स्थिर वाटते. उलट, लोखंडावर रेलणाऱ्या घोड्यास फिरत्या कड्या बऱ्या पडतात. तोंडात जखम असेल, तर ती पूर्ण भरेपर्यंत लोखंड मुळीच न घालता नाकपट्टीच्या कड्यांना वाद्या जोडून हलके काम घ्यावे. ही पट्टी नाकाच्या टणक हाडावर असावी. खालच्या मऊ भागावर आली, तर श्वास कोंडतो.

नव्या कडियाळ्याची परीक्षा एका दिवसात करू नये. नवीनपणामुळे घोडा पहिल्या दिवशी पुष्कळदा चांगला वागतो. आठ-दहा दिवस शांतपणे काम घेऊन मगच निष्कर्ष काढावा.

माप व देखभाल

एक गुळगुळीत काठी किंवा जाड सुतळी घोड्याच्या तोंडात कडियाळ्याच्या जागी आडवी धरून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खुणा कराव्या. त्या मापाहून कडियाळे सुमारे १ सेंटिमीटर लांब असावे, म्हणजे फिरत्या कड्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर मोकळ्या राहतात व ओठ चिमटत नाहीत. पक्क्या कड्यांचे कडियाळे त्याहून थोडे आखूड चालते. फार लांब कडियाळे एका बाजूस सरकते व त्याचा सांधा मध्यभागी राहत नाही.

पट्टीची लांबी अशी ठेवावी, की ओठांच्या कोपऱ्यावर एखादी हलकी सुरकुती पडावी. ओठ ताणून वर ओढलेला दिसता कामा नये. तसेच कडियाळे सुळ्यांवर आपटता कामा नये. प्रत्येक घोड्यास त्याचे स्वतंत्र कडियाळे असावे.

गंजलेले, मुलामा उडालेले किंवा सांध्याशी झिजून धार आलेले लोखंड टाकून द्यावे. न गंजणाऱ्या पोलादाचे गुळगुळीत कडियाळे सर्वांत सोयीचे होय. काम संपताच ते पाण्याने धुवावे, सुकलेली लाळ व चारा काढावा आणि दुसऱ्या दिवशी घालण्यापूर्वी सांध्यावरून बोट फिरवून पहावे. थंडीच्या पहाटे ते हातात धरून कोमट करावे.

काटेरी लगाम : अपाय आणि कायदा

आतल्या बाजूने काटे, दाते किंवा गाठी असलेले लगाम अजूनही काही ठिकाणी वापरले जातात. त्यांनी जिभेला व ओठांना खोल जखमा होतात. त्या भरून आल्या, तरी तेथे घट्ट वण राहून घोड्याचे तोंड कायमचे बधिर होते. ज्या घोड्याला "तोंडच नाही" असे म्हणतात, त्याचे तोंड बहुधा माणसानेच घालविलेले असते. शिवाय धनुर्वाताचा धोका घोड्यास इतर बहुतेक जनावरांहून फार अधिक असतो व तो बहुधा जखमेच्या वाटेनेच शरीरात शिरतो. प्रत्येक घोड्यास धनुर्वाताची लस टोचून घेतलेली असावीच.

काटेरी लगाम कायद्यानेही वर्ज्य आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ मध्ये नियम करण्यात आले. त्यांनुसार हाकण्यासाठी, सवारीसाठी किंवा जनावर ताब्यात ठेवण्यासाठी काटे, गाठी अथवा टोके असलेला लगाम किंवा सरंजाम वापरण्यास मनाई आहे. खोगिराची कमान व वाखर यांमध्ये पुरेशी जागा न ठेवता खोगीर कसण्यासही त्याच नियमांनी बंदी केली आहे. कायदा व घोड्याचे शिक्षण येथे एकच गोष्ट सांगतात.

साहाय्यक साधने

कडियाळ्याखेरीज जी साधने वापरतात, त्यांचा हेतू घोड्यास वाट दाखविणे हा असावा. त्यास बांधून टाकणे हा नव्हे.

नाकपट्टी : तोंड उघडणाऱ्या घोड्याची नाकपट्टी आवळून टाकण्याची प्रथा आहे. तिने तोंड मिटते, पण कारण आतच राहते. नाकाच्या हाडावर पट्टीखाली दोन बोटे सहज जावीत, हा जुना नियम उत्तम आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत २०२५ पासून नाकपट्टीखाली १.५ सेंटिमीटर मोकळी जागा आहे की नाही, हे मापकाने तपासले जाते. यावरून या विषयाचे महत्त्व लक्षात येईल.

जेरबंद : हा पट्टा तंगापासून निघून पुढच्या पायांमधून वर येतो. फिरत्या जेरबंदाच्या दोन टोकांच्या कड्यांतून वाद्या जातात. घोडा मान मर्यादेपलीकडे उचलील, तेव्हाच तो लागू होतो. मान नेहमीच्या जागी असताना तो वाद्यांना खाली ओढत असेल, तर तो फार आखूड आहे असे समजावे. स्थिर जेरबंद नाकपट्टीला जोडतात. तो कडियाळ्याला कधीही जोडू नये. घोडा उभा असताना हा पट्टा वर उचलून धरला असता गळ्याच्या खाचेपर्यंत पोहोचावा. जेरबंद स्वाराच्या तोंडावर घोड्याची मान आपटू नये म्हणून उपयोगी आहे; तो स्पर्श शिकवीत नाही.

बाजूच्या वाद्या : लांब दोरीवर वर्तुळात फिरविताना कडियाळ्यापासून खोगिरापर्यंत दोन्ही बाजूंना या जोडतात. त्यांचा फायदा असा, की त्या माणसाच्या हाताप्रमाणे झटका देत नाहीत व घोडा स्थिर स्पर्शाशी परिचित होतो. आरंभी त्या लांब ठेवाव्या. घोड्याच्या नाकाची रेषा उभ्या रेषेच्या थोडी पुढेच राहिली पाहिजे. अंग सैल झाल्यावरच त्या जोडाव्या, दुडकीत थोडा वेळ काम घ्यावे आणि चालीवर विश्रांती देताना काढून टाकाव्या. त्या जोडून घोडा तबेल्यात उभा करून ठेवणे ही क्रूरता होय.

ओढवाद्या : तंगापासून निघून कडियाळ्याच्या कडीतून स्वाराच्या हातात येणाऱ्या या वाद्या कप्पीप्रमाणे ओढ वाढवितात. अननुभवी माणसाच्या हाती त्या पडल्या, की घोडा हनुवटी छातीला लावावयास शिकतो आणि ती खोड मोडणे अवघड होते. त्या जाणत्या चाबूकस्वारासाठीच राखून ठेवाव्या.

शिक्षणाचा क्रम

दात, पाठ व माप ठीक झाल्यावर घोड्यास चार ते सहा आठवड्यांचा नवा आरंभ करून द्यावा.

पहिल्या आठवड्यात तोंडात लोखंड नसावे. मऊ जमिनीवर १५ ते २० मीटर व्यासाच्या वर्तुळात, म्होरकीला दोर बांधून, दोन्ही अंगांना सारखा वेळ फिरवावे. एकूण काम १५ ते २० मिनिटांहून अधिक नसावे. चालणे, दुडकी व थांबणे यांचे ठरलेले शब्द त्यास शिकवावे.

दुसऱ्या आठवड्यात म्होरकीखाली सौम्य कडियाळे घालावे. वाद्या जोडू नयेत. दोर म्होरकीलाच राहावा. घोडा जबडा सैल करून लोखंड हलकेच चघळू लागला, की त्याने ते स्वीकारले असे समजावे. कडियाळ्याला दोर बांधून घोडा खुंट्यास कधीही बांधू नये.

तिसऱ्या आठवड्यात दोन लांब वाद्या जोडून मागून चालत घोडा हाकावा. मागच्या पायांच्या टप्प्याबाहेर राहावे. पाठीवर ओझे नसल्याने तो वळणे व थांबणे निर्भयपणे शिकतो. गाडीस जुंपावयाच्या घोड्यास तर हा भाग दुप्पट दिवस द्यावा.

चौथ्या आठवड्यापासून स्वाराने बसावे. येथे एकच सूत्र पाळावयाचे : आधी शब्द, मग बैठक व टाच, शेवटी हात. गाईची धार काढताना बोटे जशी एकामागून एक मिटतात व लगेच सुटतात, तशी वादीवर बोटे मिटावी आणि घोड्याने किंचित जरी ऐकले, तरी तत्काळ सैल सोडावी. घोडा ओढीने शिकत नाही. ओढ सुटल्याच्या क्षणाने शिकतो. तो क्षण उशिरा आला, तर आपण कशाबद्दल सुटलो हे त्यास कळत नाही. दर पाच-सात मिनिटांनी वाद्या पूर्ण सैल करून मान लांबवू द्यावी व घोडा चांगला वागत असतानाच दिवसाचे काम संपवावे.

टांग्याचे व पर्यटकांचे घोडे

गाडीच्या दांड्यांच्या कडियाळ्याला वाद्या अडकविण्यासाठी दोन-तीन जागा असतात. वरची जागा सौम्य व खालची कडक. लगाम चुकविणाऱ्या घोड्याच्या वाद्या सर्वांत वरच्या कडीला लावाव्या. मान वर बांधून ठेवणारी वादी चढावर सोडून द्यावी, कारण ओझे ओढताना घोड्यास मान पुढे व खाली घेणे भाग असते.

माथेरान किंवा महाबळेश्वर येथील घोडा एका दिवसात अनेक नवख्यांना पाठीवर घेतो. तोल जाताच नवखा मनुष्य वाद्यांनाच लोंबकळतो आणि प्रत्येक फेरीला घोड्याचे तोंड दुखावते. यावर दोन स्वस्त उपाय आहेत. घोड्याच्या गळ्यात एक साधा पट्टा घालून बसणाऱ्यास तो धरावयास सांगावे. आणि बरोबर चालणाऱ्या माणसाने दोर कडियाळ्याला न बांधता म्होरकीला बांधून घोडा न्यावा. एवढ्याने सौम्य कडियाळ्यावरही घोडा शांत चालतो, प्रवासी सुरक्षित राहतो आणि ज्या जनावरावर घर चालते, त्याचे तोंड वर्षानुवर्षे शाबूत राहते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. लगाम चुकविणे हा दोष नसून बहुधा लक्षण असते. प्रथम दात, मग पाठ, मग माप, मग हात, आणि सर्वांत शेवटी साधने पहावी.

२. शंका असेल तेव्हा कडियाळे एक पायरी सौम्य करावे.

३. काटेरी लगाम घरात ठेवू नये व दुसऱ्यास विकू नये, मोडीत घालावा.

४. नाकपट्टीखाली दोन बोटे जातात की नाही, हे रोज पहावे.

५. काम संपल्यावर कडियाळे काढताना ओठांचे कोपरे, जीभ व हिरड्या पहाव्या. रक्त, सूज किंवा फोड दिसल्यास त्या दिवसापासून लोखंड बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

ही तपासणी दोन मिनिटांची आहे. कडक लगामाने घोडा एक वेळ थांबविता येईल. पण अडचणीच्या प्रसंगी, उतारावर, रहदारीत किंवा पुराच्या काठी, जो घोडा बोटाच्या इशाऱ्यावर थांबतो तो विश्वासाने थांबतो. तो विश्वास रोजच्या हाताने मिळवावा लागतो.